बेचाळीसचं ऊन आणि बत्तीसचा उकाडा

मे महिन्यातल्या दुपारी सानगडीत पारा 42 अंशांवर असतो, तेव्हा दोरीवर टाकलेला ओला दुपट्टा बघता बघता वाळतो आणि कूलरपुढे बसलं की जीव निवतो. जुलैत पारा 32 वर येतो, तरी तोच दुपट्टा संध्याकाळपर्यंत ओलसर राहतो. कूलर चालू असूनही अंग चिकचिकतं. दहा अंश उतरूनही उकाडा का जात नाही, याचं उत्तर त्या दुपट्ट्यातच आहे.

पाण्याची वाफ व्हायला उष्णता लागते. चुलीवरच्या पाण्याला ती जाळातून मिळते, घामाला आपल्या कातडीतून. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर अंगातली सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. कातडीचं तापमान साधारण 35 अंश असतं. हवा त्याहून तापली की गार व्हायला शरीराकडे घामाखेरीज दुसरा उपाय उरत नाही. मात्र घाम वाळला तरच उपयोग. ओघळून मातीत पडलेला थेंब आपलं पाणी आणि मीठ नेतो, उष्णता अंगातच राहते.

घाम किती लवकर वाळेल, हे हवेत आधीच किती वाफ आहे त्यावर ठरतं. मे महिन्यात वायव्येकडून कोरडे वारे येतात. 42 अंशांच्या हवेत आर्द्रता 15 टक्के असेल, तर एका घनमीटरात जेमतेम साडेआठ ग्रॅम वाफ असते. जुलैत बंगालच्या उपसागरावरून ओल येते, शिवाय तलाव, बोड्या आणि धानाच्या बांध्या भरलेल्या असतात. 32 अंश आणि 70 टक्के आर्द्रता असेल, तर घनमीटरात सुमारे 24 ग्रॅम वाफ होते. अशा हवेत घामाला जागाच कमी उरते.

हा फरक मोजताही येतो. तापमापीच्या फुग्यावर ओलं सुती कापड गुंडाळून वारा घाला. मेच्या त्या हवेत पारा 42 वरून 22 पर्यंत उतरेल, जुलैच्या हवेत 32 वरून फक्त 27 पर्यंत. कूलरची ओली ताटी हेच काम करते. मेमध्ये तिला वीस अंशांचा वाव असतो, जुलैत पाचच अंशांचा. त्यात खिडक्या बंद असल्या, तर कूलर खोलीतली ओल आणखी वाढवतो.

तापमान आणि आर्द्रता एकत्र धरून ‘जाणवणारं तापमान’ काढतात. प्रचलित सूत्रानुसार मेचे 42 अंश सावलीत साधारण 40 सारखे जाणवतात आणि जुलैचे 32 अंश 41 सारखे. म्हणजे दोन्ही दिवस शरीराला जवळपास सारखेच जड! उन्हात उभं राहिलं तर त्यात आणखी काही अंशांची भर पडते.

म्हणूनच रोवणीच्या दिवसांची काळजी वाटते. पावसाची उघडीप, वर ऊन, पायाखाली चिखल, वारा पडलेला. बाया तासन्‌तास वाकून पऱ्हे रोवत असतात. काम करणारं शरीर आतूनही तापतं आणि घाम नुसता निथळत राहतो. पारा बत्तीसच आहे म्हणून कोणी सावध होत नाही.

मेच्या कोरड्या उन्हाचा धोका वेगळा. घाम दिसण्याआधीच वाळतो, त्यामुळे शरीरातलं पाणी किती गेलं ते कळत नाही. तहानेची वाट न पाहता पाणी पीत राहावं. दमट दिवसांत पाण्यासोबत वारा आणि विसावा हवा. घरात कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा, समोरासमोरच्या खिडक्या उघडाव्यात. शेतात थोड्या थोड्या वेळाने बांधावरच्या झाडाखाली बसावं. कोणी असंबद्ध बोलू लागलं, अंग भाजत असलं, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावं, वारा घालावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

सकाळी पारा बघताना दोरीवरचा दुपट्टाही बघा. तो वाळत नसेल, तर त्या दिवशी आपला घामही वाळणार नाही.