पिवळ्या दिव्याखालची पैठणी

पन्नास वर्षांपूर्वी माझ्या मावसबहिणीच्या लग्नात हौसेने मीच छायाचित्रे घेतली. फिल्म उन्हात वापरायची, आणि मंगल कार्यालयात जळत होते साधे तारेचे दिवे. पुढे भिंतीवर पांढरी चादर टांगून पहिली स्लाइड दाखवली, तेव्हा नवरदेवाच्या मोत्यांच्या मुंडावळ्या पोवळ्यांच्या वाटत होत्या, भटजींचे धोतर गेरूत बुडवून काढल्यासारखे दिसत होते, आणि वधूची जांभळी पैठणी तर जवळजवळ काळी पडली होती. त्या वेळी मावशीने जे उद्गार काढले, ते येथे नमूद करण्याचे प्रयोजन नाही.

कार्यालयात बसलेल्यांपैकी एकालाही हा तांबडेपणा जाणवला नव्हता, कारण डोळा आणि मेंदू यांचे संगनमत असे, की पांढरे वस्त्र पिवळ्या उजेडातही ते पांढरेच म्हणून मान्य करतात; फिल्मला ही मुरवत ठाऊक नसते. दुपारच्या उन्हाचे वर्णतापमान सुमारे ५५०० केल्व्हिन, स्टुडिओतल्या तारेच्या दिव्याचे ३२००, आणि घरगुती शंभराच्या दिव्याचे २८००च्या आसपास. तापमान कमी आणि उजेड मात्र अधिक तांबडा, हे उफराटे वाटत असेल तर लोहाराच्या भट्टीकडे पाहावे: लोखंड आधी लाल होते, मग पिवळे, आणि अतिशय तापले म्हणजे पांढरे.

यावर छायाचित्रकारांचा तोडगा म्हणजे भिंगापुढे बसवायची निळी काच, रॅटन मालिकेतील ८०ए. ज्या इंग्रजी कारखान्यावरून हे नाव पडले तो कोडॅकने १९१२ साली विकत घेतला, तरी नाव टिकले. ही काच उजेडात निळा रंग मिसळते, असा सार्वत्रिक गैरसमज आहे. वस्तुतः ती काहीही देत नाही. तांबड्या-पिवळ्यातून वजावट करते, निळ्याला बहुतांशी जाऊ देते, आणि या वजावटीपायी फिल्मपर्यंत जेमतेम चौथा हिस्सा उजेड पोचतो. ज्या कामाला सेकंदाचा तिसावा भाग पुरत होता त्याला आठवा भाग लागतो, आणि तेवढ्यात अक्षता टाकणारे सगळे हात पुसट होऊन जातात.

वजावट किती, याचा हिशेब ‘मायर्ड’ या एककात मांडतात: दहा लाखांना केल्व्हिनच्या आकड्याने भागावे. ३२००चे ३१२, ५५००चे १८२. ही सुमारे १३०ची तफावत ८०ए भरून काढते. घरगुती दिव्याचे मात्र ३५७. त्यातून १३० वजा जाता २२७ उरतात, म्हणजे पिवळेपणाची बाकी राहतेच, आणि ती फेडण्यास ८२सी ही फिकट निळी काच, ४५ मायर्डांची, वर जोडावी लागते. आता उजेड सहाव्या हिश्श्याहूनही कमी.

ट्यूबलाइटचा मामला निराळा. तिच्यातल्या पाऱ्याची हिरवी रेषा फिल्मवर उमटून चेहरे शेवाळलेले दिसतात. त्यावर किरमिजी छटेची काच लावतात, पण प्रत्येक बनावटीच्या नळीचा उजेड वेगळा असल्याने गुण येतो तो अदमासानेच. कमी दाबाच्या सोडियम दिव्यापुढे तर सर्व काचांचा निरुपाय: तेथे पिवळ्यावाचून जवळपास दुसरा रंगच नसतो, मग काच शिल्लक ठेवणार काय?

आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात श्वेतसंतुलनाची सोय असल्यामुळे या काचा बहुतेकांच्या कपाटात पडून आहेत. परंतु ते संतुलन म्हणजे उजेड टिपून झाल्यानंतरचा गुणाकार. पिवळ्या दिव्याखाली निळ्याच्या वाट्याला मुळात थोडेच आलेले असते, आणि ते गुणून वाढवताना त्याचे दाणेही वाढतात. निळी काच लावून उजेड अधिक वेळ घेतला, तर लाल आधीच ओसंडून न जाता निळ्याचे माप भरते. कॅमेरा तिवईवर आणि वस्तू स्थिर असली, तर हा खटाटोप मला अजूनही सार्थ वाटतो.

गेल्या वर्षी तीच पैठणी तशाच दिव्याखाली खुर्चीवर पसरून, ८०ए लावून, मी पुन्हा टिपली. पदरावरचे मोर हिरवे आले, आणि घडीच्या सावलीतसुद्धा जांभळा जांभळाच राहिला. ताईने तो फोटो बराच वेळ पाहिला आणि विचारले, “हे तेव्हाच का नाही रे जमलं तुला?”