निकाहाआधी 'स्माईल' सुधारायची आहे? दाताला मशीन लावण्याआधी हे वाचा

निकाहाची तारीख पक्की झाली की घरात याद्या सुरू होतात. हॉल, दावत, कपडे, मेहंदी, फोटोग्राफर. आता या यादीत दातही आले आहेत. "फोटोत दात पिवळे दिसतात", "पुढच्या दोन दातांत फट आहे", "मुलाचे दात गुटख्याने लाल झालेत, लग्नाआधी काहीतरी करा". पालघर असो की बोईसर, मोबाईल उघडला की 'स्माईल डिझाइन' आणि 'एका भेटीत पांढरेशुभ्र दात' अशा जाहिराती समोर येतात.

हसणं छान दिसावं असं वाटणं यात गैर काहीच नाही. पण एक गोष्ट आधी समजून घ्या. दाताच्या सर्वात वरच्या कडक थराला इनॅमल म्हणतात. हाड मोडलं तर जुळतं, कातडी फाटली तर भरून येते, पण एकदा घासून काढलेलं इनॅमल पुन्हा कधीच येत नाही. म्हणून साधा नियम असा : दाताला धक्का न लावणारे उपाय आधी, दात घासावे लागणारे उपाय सर्वात शेवटी. आणि लग्नाला पंधरा दिवस उरले असताना मोठा निर्णय तर अजिबात नाही.

आधी कारण शोधा

दात पिवळे किंवा काळे होण्याची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा असतो.

चहा, पान, तंबाखू, मिश्री यांचे डाग दाताच्या बाहेरून बसतात. ते साफसफाईने निघतात. लहानपणी पाण्यातून जास्त फ्लोराइड पोटात गेलं असेल, किंवा दात तयार होण्याच्या वयात टेट्रासायक्लिन हे औषध दिलं गेलं असेल, तर डाग दाताच्या आतच असतात. ते कितीही घासले तरी जात नाहीत. एकच दात काळपट पडला असेल तर बहुतेक वेळा जुना मार कारण असतो. आतली नस मेलेली असू शकते. अशा दाताचा एक्स-रे आणि गरज असल्यास रूट कॅनाल आधी, रंगाचं नंतर.

आपल्या भागासाठी आणखी एक कारण महत्त्वाचं आहे. ज्या कारखान्यात ॲसिडची वाफ असते, तिथे वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांच्या पुढच्या दातांचं इनॅमल झिजू शकतं. दात पातळ, आखूड आणि पिवळे दिसू लागतात, थंड पाणी लागलं की कळ येते. तारापूर एमआयडीसीत अशा ठिकाणी काम करत असाल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. मास्क न लावता काम चालूच राहिलं, तर वर कितीही खर्च केला तरी फायदा नाही. रोजचं कोल्ड्रिंक आणि जुनी ॲसिडिटी हेही दात असेच झिजवतात.

आणि गुटखा. महाराष्ट्रात 2012 पासून बंदी आहे, तरी तो कुठे मिळतो हे सगळ्यांना माहीत आहे. गुटखा किंवा मिश्री असलेल्या तोंडात दातांचा रंग ही दुसरी गोष्ट. पहिली गोष्ट ही बघा : तोंड पूर्ण उघडतं का? आपलीच तीन बोटं उभी धरून दातांमध्ये जातात का? तिखट लागलं की तोंडाची आग होते का? गालाच्या आत किंवा जिभेवर पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन आठवडे उलटूनही न भरलेली जखम आहे का? यातलं एकही असेल तर स्माईल राहू द्या, तोंडाची तपासणी करून घ्या. दातांच्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात पाठवलं, परळच्या टाटा हॉस्पिटलचं नाव काढलं, तर घाबरून घरी बसू नका. लवकर सापडलेल्या आजाराचा इलाज सोपा असतो.

कोणते उपाय आहेत?

स्केलिंग, म्हणजे मशीनने सफाई. बहुतेकांचं अर्धं काम इथेच होतं. "सफाई केली की दात ढिले होतात" हा गैरसमज आहे. दात ढिले होतात ते हिरड्यांखाली साचलेल्या दगडासारख्या थरामुळे. तो निघाल्यावर काही दिवस फट जाणवते आणि थोडं थंड-गरम लागतं, एवढंच.

ब्लीचिंग. पेरॉक्साइडच्या जेलने दाताचा रंग उजळतो. दात घासावा लागत नाही. काही दिवस शिणशिण होऊ शकते. कीड किंवा हिरड्यांचा आजार असेल तर तो आधी बरा करावा लागतो. गरोदर आणि अंगावर दूध पाजणाऱ्या बायकांनी आणि लहान मुलांनी हे टाळावं. कॅप, फिलिंग यांचा रंग ब्लीचने बदलत नाही. चहा-तंबाखू चालू राहिली तर रंग परत उतरतो. लिंबू-सोडा आणि कोळशाची पावडर घरी चोळू नका, त्याने इनॅमलच जातं.

कॉम्पोझिट बॉन्डिंग. दाताच्या रंगाचा मसाला लावून तुटलेला कोपरा किंवा छोटी फट भरतात. एकाच भेटीत होतं, दात जवळजवळ घासावा लागत नाही, खर्चही व्हीनिअरपेक्षा कमी. काही वर्षांनी त्यावर डाग पडतात, तुकडा उडू शकतो, पण दुरुस्ती होते. लग्नाच्या तोंडावर बहुतेकांना हे पुरेसं असतं.

तारा आणि अलाइनर. वाकडेतिकडे दात सरळ करण्याचा खरा मार्ग हाच. तारांना साधारण दीड ते दोन वर्षं लागतात. अलाइनर म्हणजे काढता-घालता येणारे पारदर्शक साचे. ते दिवसाला 20 ते 22 तास घालावे लागतात, नाहीतर पैसे वाया. नंतर रिटेनर घातला नाही तर दात पुन्हा सरकतात. मोठ्या वयातही हा इलाज होतो.

व्हीनिअर. दातावर पुढून चिकटवलेली सिरॅमिकची पातळ टिकली. दिसायला सुंदर, पण बहुतेक वेळा त्यासाठी अर्धा मिलिमीटरच्या आसपास इनॅमल घासावं लागतं. साधारण दहा-पंधरा वर्षांनी ती बदलायला लागते. म्हणजे पंचविसाव्या वर्षी बसवली तर आयुष्यात दोन-तीनदा तरी खर्च येणार. रात्री दात खाण्याची सवय असेल तर ती लवकर तुटते.

कॅप. कॅपसाठी दात चारही बाजूंनी घासून लहान करतात. रूट कॅनाल झालेल्या किंवा खूप तुटलेल्या दातासाठी कॅप योग्यच. पण फक्त रंग किंवा थोडा वाकडेपणा लपवायला पुढचे सहा धडधाकट दात घासून कॅप बसवणं, हा सौदा नुकसानीचा आहे. झटपट होतं म्हणून लोक तयार होतात. पुढे त्यातल्या काही दातांची नस दुखावते आणि रूट कॅनालची वेळ येते.

पडलेला दात. ब्रिज बसवायचा तर शेजारचे दोन दात घासावे लागतात. इम्प्लांटमध्ये हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात. शेजारच्या दातांना धक्का लागत नाही, पण हाड धरायला साधारण तीन ते सहा महिने जातात. शुगर असेल तर ती आधी ताब्यात हवी, आणि तंबाखू सुटलेली बरी.

शरीअतच्या दृष्टीने काय?

हा प्रश्न घराघरात विचारला जातो. हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) यांच्याकडून आलेल्या बुखारी आणि मुस्लिममधल्या हदीसमध्ये, केवळ सौंदर्यासाठी दात घासून त्यात फट पाडणाऱ्या स्त्रियांबद्दल कडक शब्द आहेत. इमाम नववी यांनी त्यावर स्पष्ट केलं आहे की मनाई सौंदर्यासाठी असं करण्याला आहे. इलाज म्हणून किंवा दातातला दोष दूर करण्यासाठी केलं तर हरकत नाही. दुसरीकडे, लढाईत नाक गमावलेल्या अरफजा (रजि.) यांना चांदीच्या नाकाचा त्रास झाल्यावर पैगंबर मुहम्मद (स.) यांनी सोन्याचं नाक बसवायला सांगितलं, ही रिवायत तिरमिजी आणि अबू दाऊदमध्ये आहे. गरजेपोटी दाताला सोनं लावण्याच्या चर्चेत उलमा तिचा आधार घेतात.

म्हणजे तुटलेला दात बांधणं, वाकडे दात सरळ करणं, डाग काढणं हे एका बाजूला, आणि चांगले दात केवळ फॅशनसाठी घासणं दुसऱ्या बाजूला. गंमत बघा, डॉक्टरी सल्लाही इथेच येऊन थांबतो. आपल्या बाबतीत शंका असेल तर मौलानांना विचारा.

गुस्लबद्दलही लोक विचारतात. शाफई मसलकात गुस्लमध्ये चूळ भरणं सुन्नत आहे, हनफीत फर्ज. पक्क्या बसवलेल्या कॅप किंवा फिलिंगवरून पाणी फिरलं तरी गुस्ल होतो, असं उलमा सांगतात. काढता येणारी कवळी मात्र काढून चूळ भरावी. इम्प्लांटच्या वेळी हाडाची पावडर किंवा पडदा वापरणार असतील तर तो कोणत्या प्राण्यापासून बनलाय हे आधीच विचारा. काही डुकरापासूनचे असतात, दुसरे पर्यायही मिळतात.

मिस्वाक जरूर करा, पण दातांच्या आतल्या बाजूलाही फिरवा आणि हिरडीवर जोर देऊ नका. रात्री ब्रश चुकवू नका.

कुठे जायचं, काय विचारायचं?

डॉक्टर बीडीएस किंवा एमडीएस आहेत का आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेचा नोंदणी क्रमांक आहे का, हे बघा. रस्त्याकडेला बसून पक्के दात चिकटवणाऱ्यांकडे जाऊ नका, त्याखाली हिरडी सडते. खर्च जास्त वाटत असेल तर मुंबई सेंट्रलचं नायर दंत महाविद्यालय आणि सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय इथे कमी खर्चात इलाज होतात. फेऱ्या जास्त होतील, वेळ हाताशी ठेवा.

डॉक्टरांना हे पाच प्रश्न विचारा :

1. माझा दात किती घासणार?
2. न घासता होणारा दुसरा उपाय आहे का?
3. हे किती वर्षं टिकेल, आणि तुटलं तर काय?
4. खर्च एका दाताचा की सगळ्यांचा? लेखी द्याल का?
5. आधी हिरड्या आणि कीड तपासली का?

वेळेचं गणित असं ठेवा : तारा लावायच्या असतील तर नातं ठरण्याची वाट पाहू नका. कीड आणि हिरड्यांचा इलाज निकाहाच्या तीन महिने आधी, ब्लीचिंग महिनाभर आधी, शेवटची सफाई पंधरा दिवस आधी. मध्ये रमजान येत असेल तर मोठी कामं त्याआधी उरका किंवा इफ्तारनंतरची वेळ मागून घ्या.

आणि मुलाकडच्या मंडळींना एक विनंती. मुलीच्या दातातल्या बारीकशा फटीवरून नातं अडवू नका. तुमच्या एका वाक्यामुळे बावीस वर्षांची मुलगी आपले चांगले दात घासून घ्यायला खुर्चीत जाऊन बसते. वलीम्याचे फोटो अल्बममध्ये राहतील. दात मात्र तिला, इन्शाअल्लाह, नातवंडं येईपर्यंत वापरायचे आहेत.