सीई, एसएल, एमटीएफ : शेअर बाजाराच्या या अक्षरांमागे काय दडलं आहे?

पाचोऱ्यात स्टेशनजवळच्या चहाच्या टपरीवर पूर्वी सकाळी कापसाच्या भावाची चर्चा चालायची. आता सव्वानऊ वाजले, बाजार उघडला, की पोरांच्या माना मोबाईलमध्ये जातात. "सीई घेतला", "एसएल उडाला", "आज एक्सपायरी आहे" असली भाषा कानावर पडते.

मागच्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. मोबाईल पुढे करून म्हणाला, "सर, हे जरा समजावून सांगा." ग्रुपवर आलेला मेसेज होता : 'निफ्टी 24500 सीई, बाय अबव्ह 120, एसएल 95, टीजीटी 150/180/200, जॅकपॉट कॉल'. असेच मेसेज पाहून त्याने चाळीस हजार घालवले होते. मी विचारलं, "अर्थ माहीत नव्हता तर पैसे कसे लावलेस?" खाली मान घालून म्हणाला, "ग्रुपमध्ये सगळेच घेत होते, सर."

तोच मेसेज आपण एकेक शब्द सोडवून पाहू.

निफ्टी हा शेअर नाही. राष्ट्रीय शेअर बाजारातल्या 50 मोठ्या कंपन्यांचा तो निर्देशांक आहे.

सीई म्हणजे कॉल ऑप्शन. आपल्या भाषेत सांगतो. समजा, आज कापूस 7000 रुपये क्विंटल आहे. मी शेतकऱ्याला क्विंटलमागे 200 रुपये दिले आणि म्हणालो, महिन्याने तुमचा कापूस 7000 नेच घ्यायचा हक्क माझा. भाव 7500 झाला तर मला 300 सुटले. भाव 7000 च्या वर गेलाच नाही, तर माझे 200 बुडाले. उलट, ठरल्या भावाने विकायचा हक्क घेतला तर तो पुट ऑप्शन, म्हणजे पीई. निफ्टीच्या व्यवहारात तर हातात कापूसही येत नाही, शेअरही येत नाही. नुसता पैशांचा हिशेब होतो.

हक्काची मुदत संपते तो दिवस म्हणजे एक्सपायरी. निर्देशांक जागचा हलला नाही तरी एकेक दिवस सरतो तशी त्या हक्काची किंमत झिजत जाते.

बाय अबव्ह 120 म्हणजे भाव 120 च्या वर गेला की घ्या. पण एक नग मिळत नाही, अख्खा लॉट घ्यावा लागतो. लॉटचा आकार वेळोवेळी बदलतो. 75 चा धरला तर 9000 रुपये लागले.

एसएल म्हणजे स्टॉप लॉस. भाव 95 पर्यंत पडला तर विकून मोकळे व्हा. म्हणजे 25 गुणिले 75, एका लॉटमागे 1875 रुपयांचा तोटा. बाजार झपकन कोसळला तर 95 चा भाव मिळेलच असंही नाही.

टीजीटी म्हणजे टार्गेट. हा मेसेज लिहिणाऱ्याचा अंदाज आहे, हमी नाही. आणि जॅकपॉट या शब्दाला काहीच अर्थ नाही, तो फक्त भुलवण्यासाठी आहे. असाच दुसरा शब्द हीरो-झिरो. एक्सपायरीच्या दिवशी दोन-पाच रुपयांचा ऑप्शन घ्यायचा, झाला तर कितीतरी पट, नाहीतर शून्य. बहुतेक वेळा शून्यच.

आणखी काही शब्द रोज ऐकू येतात. सीएमपी म्हणजे चालू बाजारभाव. बीटीएसटी म्हणजे आज घ्या, उद्या विका. लोअर सर्किट म्हणजे भाव त्या दिवशीच्या खालच्या मर्यादेला टेकला. तेव्हा घेणारा सापडत नाही आणि विकायचं म्हटलं तरी विकता येत नाही. ऑपरेटर म्हणजे एखाद्या लहान कंपनीचा भाव मुद्दाम चढवणारा. लोक आत शिरले की तो आपला माल त्यांच्या गळ्यात मारून निघून जातो.

एका शब्दावर मात्र आपल्या वाचकांनी खास लक्ष द्यावं : एमटीएफ. ब्रोकर शेअर घ्यायला काही रक्कम स्वतः घालतो आणि त्यावर रोजच्या हिशेबाने व्याज लावतो. आयुष्यभर व्याजापासून लांब राहिलेला माणूस मोबाईलवर एक बटण दाबून व्याजी कर्ज घेतो, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. मुंबईच्या बाजारात 2001 पर्यंत 'बदला' पद्धत होती, तिथे 'व्याज बदला' हा शब्द उघड बोलला जायचा. आता व्याज तीन अक्षरांत लपलं आहे.

मौलानांना मसला विचारतानाही असाच घोटाळा होतो. "शेअर बाजार जायज आहे का?" एवढंच आपण विचारतो. कंपनीचा शेअर घेऊन ठेवणं, ऑप्शन घेणं आणि एमटीएफवर घेणं हे तीन वेगळे व्यवहार आहेत. नेमकं काय करतो ते सांगा, तरच उत्तर नेमकं मिळेल.

सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात गेल्या. खर्चासह सरासरी तोटा माणशी सुमारे दोन लाख रुपये. यातले बहुसंख्य लोक मोठ्या शहरांबाहेरचे, म्हणजे आपल्यासारख्या गावांतले आहेत.

टिप देणाऱ्याला आधी सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा. संशोधन विश्लेषकाचा 'आयएनएच' आणि गुंतवणूक सल्लागाराचा 'आयएनए'ने सुरू होतो. क्रमांक मिळाला तरी तो सेबीच्या वेबसाईटवर ताडून पाहा, कारण खोटे क्रमांकही दिले जातात. ऑनलाईन फसवणूक झाली तर लाजू नका, ताबडतोब 1930 वर फोन करा. नोंदणीकृत ब्रोकर किंवा सल्लागाराविरुद्धची तक्रार सेबीच्या 'स्कोअर्स' पोर्टलवर करता येते.

त्या मुलाला मी एकच काम सांगितलं. पुढच्या वेळी पैसे लावण्याआधी तो व्यवहार घरी अम्मीला सांग, एकही इंग्रजी अक्षर न वापरता. आठ दिवसांनी तो भेटला. म्हणाला, "सर, सांगायला बसलो होतो. अम्मीने विचारलं, म्हणजे घेतलंस तरी काय? मला उत्तर देता आलं नाही." त्याने ग्रुप सोडला आहे.