पाय सोडायचा नाही

गेल्या गणपतीत कुडपणच्या पायवाटेने चुलत आजोबांच्या मागून उतरत होतो. पाऊस नुकताच थांबला होता, दगड ओले होते. एका उतरणीला माझी दोन-तीन पावलं आपसूक धावली. आजोबा मागे वळलेही नाहीत. आवाजावरूनच त्यांना कळलं असावं. म्हणाले, "पाय सोडू नको रं."

पोलादपूर तालुक्यातलं कुडपण सह्याद्रीच्या माथ्याला टेकलेलं आहे. पावसाळ्यात ‘भीमाची काठी’ हा धबधबा बघायला लांबलांबून माणसं येतात, आणि शेलारमामांचं गाव म्हणूनही ते सांगितलं जातं. आता वर गाडी जाते. पण ज्यांची हयात पायवाटेवर गेली, त्यांची उतरायची रीत वेगळीच असते. चढाला दम लागतो हे कुणालाही समजतं. उतारावर गुडघे लागतात, हे चालणाऱ्यालाच ठाऊक असतं. प्रत्येक पावलाला अंगाचा भार पेलायचा, थोडा रोखायचा आणि मगच पुढचं पाऊल टाकायचं. उतार आयता मिळतो असं वाटून जो पाय सोडतो, तो खाली आपटतो.

मुंबईत मी जी सायकल चालवतो, तिचा सगळा स्वभाव आजोबांच्या त्या वाक्यात आहे. तिला फिक्स्ड गिअर म्हणतात. चालवणारे लाडाने ‘फिक्सी’ म्हणतात. या सायकलीवर पाय सोडताच येत नाही.

चाक फिरतं तोवर पाय फिरतो

साध्या सायकलीच्या मागच्या चाकाला फ्रीव्हील असतं. त्याच्या पोटात दोन छोटे खटके असतात. सायकलच्या दुकानात त्यांना ‘कुत्रे’ म्हणतात. पायडल पुढे मारलं की कुत्रे आतल्या दात्यांत अडकतात आणि चाक ओढलं जातं. पाय थांबवला की ते दात्यांवरून टिकटिकत घसरतात आणि चाक आपल्या वेगाने पळत राहतं. उतारावर पाय स्थिर ठेवून वारा खात जाण्याचं सुख या दोन कुत्र्यांनी दिलेलं आहे.

फिक्स्ड गिअरमध्ये हे फ्रीव्हीलच नसतं. मागच्या चाकाच्या मधल्या भागावर, म्हणजे हबवर, दातेरी चकती घट्ट आवळलेली असते. तिला कॉग म्हणतात. पाय मागे रेटला तर ती सुटू नये म्हणून तिच्यावर उलट्या आट्यांची लॉकरिंग बसवतात. चाक फिरलं की चेन फिरते, चेन फिरली की पायडल फिरतं आणि पायडलबरोबर पाय. उलटं पायडल मारलं तर सायकल मागे जाते. वेग कमी करायचा तर वर येणाऱ्या पायडलवर पायाने भार टाकून चाकाला रोखायचं. इंजिन आणि ब्रेक दोन्ही आपलेच पाय.

हे यंत्र आपल्याला अनोळखी नाही. लहानपणीच्या तीनचाकीची पायडलं पुढच्या चाकालाच जोडलेली असतात. उतारावर ती पायडलं भराभर फिरत सुटली म्हणजे आपण पाय वर उचलून घ्यायचो. सर्कशीतली एकचाकीही अशीच थेट जोडलेली असते. म्हणूनच तिच्यावरचा कलाकार जागच्या जागी पुढे-मागे झुलू शकतो. विष्णुपंत छत्र्यांनी १८८० च्या सुमारास सुरू केलेल्या सर्कशीपासून मराठी मुलखात सर्कशीचं वेड आहे. ती एकचाकी बघून टाळ्या वाजवणाऱ्यांना अशा थेट जोडलेल्या सायकलीची ओढ समजावून सांगायची गरज पडू नये.

माझ्या सायकलीला पुढे ४६ दात्यांचं चेनव्हील आहे आणि मागे १७ चा कॉग. पायडलच्या एका फेऱ्यात ती जवळजवळ पावणेसहा मीटर जाते. नरिमन पॉइंटपासून मरीन ड्राइव्हचं दुसरं टोक साधारण साडेतीन किलोमीटर. म्हणजे सहाशेच्या वर फेरे, आणि त्यातला एकही गाळता येत नाही. ताशी २५ किलोमीटरला मिनिटाला सत्तरच्या पुढे फेरे पडतात. हा वेग अंगाला मानवतो. उतारावर ताशी ४० झाले तर तेच फेरे एकशेपंधराच्या पुढे जातात आणि सीटवर अंग उडायला लागतं.

दात्यांच्या या आकड्यांत आणखी एक गंमत दडलेली आहे. पाय आवळून मागचं चाक घसरवत थांबणं, म्हणजे स्किड, फिक्सीवाल्यांना प्रिय. पुढे ४८ आणि मागे १६ घेतले तर पायडलच्या एका फेऱ्यात चाकाचे नेमके तीन फेरे होतात, आणि त्याच पायाने केलेल्या प्रत्येक स्किडला टायर एकाच जागी घासून फाटतो. ४६ ला १७ ने भाग जात नाही, दोघांना एकाशिवाय सामाईक विभाजकही नाही. त्यामुळे घासण्याच्या जागा टायरभर सतरा ठिकाणी वाटल्या जातात. शाळेतला लसावि-मसावि इथे टायरचे पैसे वाचवतो.

आधी सगळ्याच अशा होत्या

पाय थांबवता येणारी सायकल ही नंतरची सोय. १८६० च्या दशकातल्या पॅरिसच्या सायकलींची पायडलं थेट पुढच्या चाकाला होती. १८७० नंतर इंग्लंडात जेम्स स्टार्ली आणि इतरांनी उंच चाकाची सायकल रूढ केली. चाक मोठं करण्याचं कारण साधं होतं: गिअर नसताना एका फेऱ्यात जास्त अंतर काटायचं तर चाकच वाढवायला हवं. १८८५ मध्ये स्टार्लींच्या पुतण्याने, जॉन केम्प स्टार्लीने, ‘रोव्हर’ आणली. दोन जवळजवळ सारखी चाकं आणि मागच्या चाकाला चेन, हा आजच्या सायकलीचा सांगाडा तेव्हा ठरला. पण तीही फिक्स्डच होती. फ्रीव्हील सर्रास झालं ते विसावं शतक उजाडताना.

शर्यतवाल्यांनी जुनी रीत आणखी काही काळ धरून ठेवली. तूर द फ्रान्स १९०३ मध्ये सुरू झाली. पुढे कित्येक वर्षं तिथले स्वार मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन वेगवेगळे कॉग लावत. घाट आला की खाली उतरायचं, चाक काढून उलटं बसवायचं आणि पुन्हा निघायचं. चालता चालता गिअर बदलणारं डिरेलर तिथे १९३७ मध्ये मान्य झालं.

एका जागी मात्र ही सायकल कधीच जुनी झाली नाही: वेलोड्रोमच्या, म्हणजे सायकल शर्यतींच्या मैदानाच्या, कललेल्या ट्रॅकवर. तिथे सायकलला ब्रेक नसतो, कारण सगळे एकाच दिशेने एकमेकांना चिकटून पळत असताना एकाने अचानक ब्रेक मारला तर मागचे सगळे पडतात. १९४८ मध्ये जपानमधल्या कोकुरा इथे केइरिन ही ट्रॅकवरची शर्यत सुरू झाली, तीही याच सायकलींवर. आपल्याकडे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने उभ्या राहिलेल्या पुण्याच्या बालेवाडी संकुलात वेलोड्रोम आहे. दिल्लीचा बंदिस्त लाकडी ट्रॅक २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी बांधला गेला. तिथेच २०२२ मध्ये रोनाल्डो सिंगने आशियाई ट्रॅक सायकलिंग अजिंक्यपद स्पर्धेत स्प्रिंटचं रौप्य मिळवलं.

ट्रॅकवरून ही सायकल रस्त्यावर आणली न्यू यॉर्क, सॅन फ्रान्सिस्कोसारख्या शहरांतल्या कुरियरवाल्यांनी. दिवसभर पाकिटं पोचवणाऱ्या माणसाला मोडायला कमीत कमी भाग असलेली सायकल हवी असते. हिच्यावर डिरेलर नाही, गिअरच्या केबली नाहीत. पुढे हौशी तरुणांनी ती उचलली, रंगीत रिम लावल्या, आणि २००० नंतर ती जगभरच्या शहरांत दिसू लागली.

मुंबईच्या रस्त्यावर

मुंबई बरीचशी सपाट आहे. रॉडब्रेकच्या, बिनगिअरच्या सायकलीवर डब्यांचा भार लादून डबेवाले इथे धावतात, कारण शहराची जमीनच तशी आहे. एका गिअरवर भागतं.

मी पहाटे लालबागहून निघतो. भायखळा, मग जे. जे. पुलाखालून मोहम्मद अली रोड, सीएसएमटी, चर्चगेट आणि समुद्र. सुरुवातीच्या आठवड्यात पाय दर वळणाला थांबायचा. जुनी सवय. पाय थांबला की सायकल खालून ढकलून सीटवरून उचलायची. महिन्याभरात ती सवय मोडली आणि तिच्या जागी दुसरी आली: मी लांब बघायला लागलो. थांबायला वेळ लागतो हे पायाला माहीत झालं की डोळे आपोआप पुढच्या सिग्नलवर, टॅक्सीच्या उघडू पाहणाऱ्या दारावर, बसमागून येणाऱ्या माणसाच्या चपलांवर जातात. साध्या सायकलीवर मी वेग घेत होतो आणि तोडत होतो. इथे वेग सांभाळावा लागतो. लाल दिवा दिसला की शंभर मीटर आधीपासून पाय हळू करत आणायचे, आणि हिरवा होईल त्या क्षणी चाक अजून फिरत असेल असा हिशेब धरायचा.

सिग्नलला पाय न टेकता उभं राहणं, ज्याला ट्रॅकस्टँड म्हणतात, ते इथे सहज जमतं. हँडल थोडं वाकडं करायचं, पायडलं आडवी ठेवायची आणि वीतभर पुढे, वीतभर मागे असं झुलायचं. त्या वीतभरात चाकाखालचा रस्ता तळव्याला कळतो: ओलं डांबर, सुटलेली खडी, पेव्हर ब्लॉकची फट.

पावसाळ्यात हिची किंमत खरी कळते. रिम ओली झाली की ब्रेकचं रबर आधी पाणी पुसतं, मग धरतं. पायाचा रोध रिमच्या ओलीवर अवलंबून नसतो. शिवाय चाक निसटायला लागलं तर त्याची पहिली खबर पायालाच लागते.

देखभाल आपल्या गल्लीतल्या पंक्चरवाल्याला जमेल इतकी सोपी. जाड चेन आपल्या जुन्या काळ्या सायकलीसारखीच, एक अष्टमांश इंच रुंदीची. सैल झाली तर मागचे नट ढिले करून चाक मागे ओढायचं. फक्त एक चूक कुणी करू नये. फ्रीव्हीलच्या हबवरही कॉगचे आटे बसतात म्हणून पुष्कळ जण तोच हब वापरतात. त्यावर लॉकरिंगची उलट्या आट्यांची जागा नसते, आणि पाय मागे रेटताच कॉग सुटू शकतो. नेमका ज्या क्षणी थांबायचं असतं, त्याच क्षणी.

आणखी काही गोष्टी स्पष्ट सांगतो. रस्त्यावर पुढचा ब्रेक हवाच. ब्रिटनच्या कायद्यात फिक्स्ड चाक हा एक ब्रेक धरतात, तरी पुढचा सक्तीचा आहे. पँटची नाडी, बुटाची लेस बांधून खोचावी. माझी लेस एकदा चेनमध्ये गेली. साध्या सायकलीवर पाय थांबवून ती सोडवली असती. इथे पुढच्या अर्ध्या फेऱ्यात बूट चेनव्हीलपर्यंत ओढला गेला आणि मी आडवा झालो. चाक फिरतं ठेवून फडक्याने चेन पुसू नये, बोट जातं. आणि वळणावर पायडल वर धरता येत नाही, म्हणून फार कलायचं नाही.

एवढं सांभाळायचं तर ही सायकल चालवायचीच कशाला, असं लोक विचारतात. तेव्हा मला कुडपणची पायवाट आठवते. फ्रीव्हीलची सायकल धावण्याच्या आणि घरंगळण्याच्या मधली आहे. फिक्स्ड गिअर चालण्याच्या कुळातली आहे. चालताना आपण एकही पाऊल उसनं घेत नाही, चढावर नाही आणि उतारावरही नाही. लाखो गाड्यांच्या गर्दीत असो की डोंगरात, चालणारा माणूस आपल्या पावलाइतकाच पुढे असतो. ती भावना चाकावर टिकवून ठेवणारी दुसरी सायकल मी पाहिलेली नाही.

त्या गणपतीत आजोबांना मी सायकलीचं सांगितलं होतं. कुडपणला ती आणलीस का, असं त्यांनी विचारलं. नाही, म्हटलं, या घाटात तिच्यावर उतरणं वेडेपणा होईल, पाय पुरे पडणार नाहीत. ते मान डोलावून म्हणाले, "मग पाय हायत की, चाल."

मुंबईत परतल्यावर दुसऱ्या पहाटे सायकल काढली. मलबार हिलवरून चौपाटीकडे उतरताना पुढच्या ब्रेकवर बोटं ठेवली आणि पायाने चाक रोखायला लागलो. गुडघ्याच्या वर, मांडीत, एक बारीक कळ उठली. कुडपणची उतरण उतरून कालपासून जिथे दुखत होतं, बरोबर तिथेच.