रमेशला हाकल, सीमाला आण

आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत गणिताला क्लास असतो, विज्ञानाला क्लास असतो. मराठीचं मात्र ‘बाई, जरा बघता का हिचं?’ यावर भागतं. मी शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले, तेव्हा माझ्याकडे वेळ भरपूर आणि माझी फी चहापुरती, असा सगळ्यांचा समज आहे. चहाचं खरं आहे. वेळेचं तितकंसं नाही.

संध्याकाळी मुलं येतात ती मराठी शिकायला नव्हे, गृहपाठ उरकायला. वही उघडायची, पेनाचं टोपण काढायचं आणि म्हणायचं, “आजी, तुम्ही सांगा, मी पटापट लिहितो.” हल्ली काहींचं उत्तर फोनमधून तयारच येतं, मी फक्त ‘बरोबर आहे’ म्हणायचं. पेन खाली ठेवायला लावलं की चेहरे पडतात. पण घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला मराठीचा निम्मा गृहपाठ मुळात येत असतो. वहीवर मान घातली की ते त्याच्या ध्यानातून जातं, एवढंच. ते तोंडातून काढून घेणं हे माझं काम.

सातवीतला एक मुलगा ‘प्रयोग ओळखा’ घेऊन आला. पहिलं वाक्य होतं, ‘रमेशने आंबा खाल्ला.’ त्याने पाठ केलं होतं, कर्त्याला ‘ने’ लागला की कर्मणी. पुढचं वाक्य, ‘रमेशने मांजराला मारले.’ इथेही ‘ने’, म्हणून इथेही कर्मणी ठोकून दिला. मी म्हटलं, रमेशला हाकल, सीमाला आण. “सीमाने आंबा खाल्ला.” क्रियापद हललं? “नाही.” आता आंबा काढून घे, कैरी दे. “सीमाने कैरी खाल्ली.” चार आंबे दे. “खाल्ले.” मग क्रियापद कोणाचं ऐकतंय? “आंब्याचं!” झाला कर्मणी. आता मांजराकडे वळ. मांजराच्या जागी कुत्रीला आण, दहा कुत्र्यांना आण. ‘मारले’ जागचं हलेना. कर्त्याचं ऐकत नाही, कर्माचंही ऐकत नाही, तो भावे. मोरो केशव दामल्यांनी १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त प्रयोगांचा केवढा खल केलाय! तो ज्याने त्याने मोठेपणी जरूर वाचावा. सातवीला ही अदलाबदल पुरते.

शुद्धलेखनालाही शब्द हलवून बघायची हीच युक्ती लागू पडते. साहित्य महामंडळाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ मध्ये त्यात ४ नियमांची भर पडली. ते अठरा नियम घोकून लिहिणारं मूल मी पाहिलेलं नाही. मी म्हणते, ‘बहीण’ म्हण, आता तिला काहीतरी दे. “बहिणीला.” मूल, मुलाला. फूल, फुलांचा. प्रत्यय लागला की उपान्त्य अक्षर आखडतं, ते कानाला कळतं. ‘शरीर’ मात्र ‘शरीराला’ झालं तरी आखडत नाही, कारण तो संस्कृतातून जसाच्या तसा आलेला. तिथे कान थकतो आणि पाठांतराला शरण जावं लागतं. वृत्तांचं तर विचारूच नका. ‘भुजंगप्रयातात चार य गण’ हे घोकून रडकुंडीला आलेल्या मुलीला मी विचारलं, शाळेत प्रार्थनेनंतर मनाचे श्लोक म्हणता ना? म्हण, आणि टाळी दे. एक आखूड, दोन लांब. एक आखूड, दोन लांब. ओळीत असं चारदा. तेच भुजंगप्रयात. ती कितीतरी वर्षं रोज सकाळी म्हणत होती.

घरात मराठी नसलेल्या मुलांची गोष्ट वेगळी. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आणि माझ्या डायनिंग टेबलाशी तमिळ, गुजराती, भोजपुरी बोलणारी मुलं बसू लागली. त्यांना ‘कानाला विचार’ म्हणून कसं चालेल? तरी गंमत बघा, गुजराती मुलीला कर्मणी प्रयोग आमच्या मुलांपेक्षा लवकर उमगला. तिच्याही भाषेत भूतकाळात क्रियापद खाणाऱ्याला सोडून खाल्लेल्याच्या मागे जातं. तमिळमध्ये ते कर्त्याची साथ सोडत नाही. शिवाय तिथे निर्जीव वस्तू सगळ्या नपुंसकलिंगी. खुर्ची ‘ती’ आणि पंखा ‘तो’ का, याला माझ्याकडे उत्तर नाही. या मुलांकडून मी रोज पानभर मोठ्याने वाचून घेते. दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

खरी कसोटी रसग्रहणाला लागते. दहावीची मुलगी बहिणाबाईंची कविता घेऊन आली होती. तिने लिहिलं होतं, ‘कवयित्रीने साध्या, सोप्या भाषेत जीवनाचे तत्त्वज्ञान मांडले आहे.’ मी म्हटलं, बहिणाबाईंचं नाव खोड, केशवसुतांचं घाल. वाक्य चुकलं का? तिने तसं केलं आणि हसायला लागली. वाक्य कोणालाही चालत होतं! ज्या वाक्यातून कवी काढून घेतला तरी काही बिघडत नाही, ते त्या कवितेवरचं वाक्य नव्हे. आणि भाषा सोपी कुठली? तिला निम्मे शब्द अडले होते. “हे मराठीच आहे ना?” असं तिने आधी विचारलंही होतं. तेव्हा आम्ही जळगावजवळच्या आसोद्यापासून सुरुवात केली. तिथे जन्मलेल्या या बाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करताना त्या गात गेल्या आणि मुलगा सोपानदेव, जो स्वतः कवी होता, त्याने व घरातल्यांनी ते उतरवून ठेवलं. अत्र्यांच्या पुढाकाराने पुस्तक आलं १९५२ साली, त्या गेल्यानंतर. हे ऐकल्यावर तिने कवितेतल्या हाताळता येतील अशा वस्तू शोधल्या, प्रत्येकीपाशी ‘ही इथे का?’ असं लिहिलं. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हे परीक्षेचे तीन कप्पे त्यातूनच भरले. ‘भाषिक वैशिष्ट्ये’मध्ये तिने खानदेशातली लेवा बोली सोपी नाही, असं स्वच्छ लिहिलं. मला ते फार आवडलं.

गाईडवर माझा राग नाही. घाईच्या दिवसांत ते कामाला येतं, आणि नोकरी करून दमून आलेल्या आईने मुलाला समास कधी समजवायचा?

निबंधाला मात्र मी गाईड मिटून ठेवायला लावते. सहावीतल्या एकाला ‘छत्रीचे आत्मवृत्त’ होतं. त्याची छत्री पहिल्या ओळीपासून मानवजातीची सेवा करत सुटली होती. मी विचारलं, कोणाची छत्री? किती काड्या मोडल्यात? शेवटची कुठे विसरली? “बाबांची. लोकलमध्ये, वरच्या रॅकवर. कल्याणला यार्डात गेली असेल.” मग छत्री रात्रभर यार्डात पडून काय बघत होती, यावर त्याने दीड पान लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईचा फोन. “बाई, छान झालाय, पण शाळेत सांगितलंय की निबंधात एक तरी म्हण हवीच.” मी म्हटलं, त्यालाच शोधू दे. संध्याकाळी वही आली. पावसाळा संपल्यावर माळ्यावर फेकलेल्या जुन्या छत्रीशी आमची छत्री बोलते, असा परिच्छेद वाढवला होता आणि त्या म्हाताऱ्या छत्रीच्या तोंडी घातलं होतं, ‘गरज सरो, वैद्य मरो.’ खाली वेलांटी चुकवून स्वतःचं नाव.