एका डागानंतर दुसरा

१९९३ सालीं अमेरिकेचे सिनेटर जॉन मॅकेन यांच्या डाव्या खांद्यावरून मेलॅनोमा ह्या जातीचा त्वचेचा कर्करोग कापून काढण्यांत आला. प्रकरण तेथेंच मिटलें, असें कोणासहि वाटावें. परंतु सात वर्षांनीं, २००० सालीं, डाव्या कानशिलावर एक व डाव्या हातावर एक असे आणखी दोन आढळले. २००२ सालीं नाकाच्या डाव्या बाजूस चौथा निघाला. ह्यांपैकीं तीन त्वचेच्या वरच्या थरांतच होते. कानशिलावरचा मात्र २.२ मिलिमीटर खोल गेला होता, आणि ह्या रोगांत बरेंवाईट बव्हंशीं ह्या मिलिमीटरांवरच ठरतें.

पहिल्याचें मूळ आंत राहून गेलें असावें, असा समज अशा वेळीं सहज होतो. मूळ राहून रोग उलटणें ही गोष्ट खरी, पण ती निराळी. दुसरा मेलॅनोमा हा दुसऱ्याच ठिकाणच्या रंगपेशींत नव्यानें उद्भवलेला स्वतंत्र रोग असतो. शस्त्रवैद्य डाग काढतो. लहानपणापासून उन्हानें पोळलेली गोरी त्वचा, तिच्यावरचे असंख्य तीळ आणि आईबापांकडून आलेला वारसा हीं सारीं मागें राहतात. वाळवी लागलेला एक वासा बदलला म्हणून घराचे बाकीचे वासे कांहीं निराळ्या लांकडाचे होत नाहींत.

१९७३ पासून २००६ पर्यंतच्या सुमारे ८९ हजार अमेरिकन रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हां नव्या मेलॅनोमाचें प्रमाण सामान्य लोकांच्या आठनऊ पट भरलें. आंकडा छाती दडपणारा खरा. पण मुळांतलेंच प्रमाण अल्प असल्यामुळें बहुसंख्य रुग्णांस दुसरा मेलॅनोमा कधींच होत नाहीं. धोका आरंभींच्या वर्षांत अधिक, तथापि वीस वर्षांनींहि तो पुरता ओसरत नाहीं. म्हणून तपासणी जन्मभर चालू ठेवावी लागते. ती डोक्यापासून पायांपर्यंत करावयाची. पाठ स्वतःस दिसत नाहीं, ती घरच्या माणसानें पाहावी. दोन अर्धांत न जुळणारा, दांतेरी कडेचा, अनेक रंगांचा किंवा वाढत जाणारा तीळ वैद्यास दाखवावा. अशा पहाऱ्यामुळेंच दुसरा डाग बहुधा पहिल्यापेक्षां पातळ असतांनाच सांपडतो.

वरील आंकडे मुख्यत्वें गोऱ्या लोकांचे आहेत, ते हिंदुस्थानांतील सांवळ्या त्वचेस जसेच्या तसे लावतां येत नाहींत. येथें हा रोग विरळा, आणि झाला तर तो पुष्कळदां तळपायास, तळहातास किंवा नखाखालीं होतो. तेथें उन्हाचा दोष नसतो. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीं १९७७ सालीं तो आढळला, आणि १९८१ सालीं, ३६ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला. अशा ठिकाणचा डाग ठेंच किंवा चिखल्या समजून महिनोन्महिने दुर्लक्षिला जातो. म्हणून सांवळ्या रुग्णाच्या तपासणींत पायांतील जोडा व मोजा उतरवून तळवे, बोटांच्या बेचक्या आणि नखें पाहावयाचीं असतात.