धोक्याचा मोटारवाला आणि परवडणारा विमा

कुंडलिकेच्या काठच्या आपल्या जुन्या जालन्यातील एखादा मोटारवाला डोळ्यांपुढे आणा. गल्लीच्या वळणावर त्याची गाडी दोनदा घासली. एकदा ती लोखंडी सळयांच्या ट्रकवर मागून आदळली. तिन्ही वेळा त्याने विमा कंपनीकडून भरपाई घेतली. यंदा हप्ता वाढून आला, तेव्हा गृहस्थ म्हणतात, ‘यापेक्षा विमाच नको!’ ज्याच्या नावावर असे अपघात जमा झाले आहेत, त्याला परवडेल असा विमा मिळतो काय? मिळतो. मात्र विम्याच्या एका हप्त्यात दोन निरनिराळे हिशेब असतात, हे आधी ओळखले पाहिजे.

पहिला हिशेब दुसऱ्याचा. आपल्या गाडीखाली जो सापडेल त्याच्या भरपाईची ही तरतूद. लोक हिलाच ‘थर्ड पार्टी’ म्हणतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १४६ व्या कलमाने ती सक्तीची केली आहे. तिचा दर सरकार ठरवते, आणि खाजगी मोटारीपुरता तो इंजिनाच्या आकारावरून ठरतो, चालवणाऱ्याच्या लौकिकावरून नव्हे. जून २०२२ पासून लागू झालेल्या दरपत्रकात हजार सीसीपर्यंतच्या गाडीला वर्षाला २,०९४ रुपये, दीड हजारापर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे ७,८९७ रुपये असा आकार होता. अमेरिकेत चालकाचा पूर्वेतिहास पाहून सक्तीच्या विम्याचाही दर चढतो. आपल्याकडे दहा अपघात करणारा आणि एकही न करणारा येथे एकाच रांगेत उभे असतात. तेव्हा ‘महाग पडतो म्हणून विमा नाही’ ही सबब येथे टिकत नाही.

दुसरा हिशेब स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. १ जानेवारी २००७ पासून ह्याचे दर कंपन्यांच्या हाती गेले. हप्ता चढतो तो येथे, आणि मुख्यतः ‘नो क्लेम बोनस’ गेल्यामुळे. भरपाई न मागता एक वर्ष गेले की हप्त्यात २० टक्के सूट मिळते. पुढे ती २५, ३५, ४५ आणि अखेर ५० टक्क्यांपर्यंत चढते. एकदा भरपाई मागितली की सूट शून्यावर येते.

आता थोडा हिशेब करू. मूळ हप्ता दहा हजार आणि सूट ५० टक्के, म्हणजे आपण पाच हजार भरता. बंपर चेपला आणि चार हजारांची भरपाई घेतली. हप्ता तोच राहिला असे धरले, तरी पुढच्या पाच वर्षांत अनुक्रमे पाच हजार, तीन हजार, अडीच हजार, दीड हजार आणि पाचशे रुपये जादा जातील. बेरीज साडेबारा हजार! मिळाले चार हजार. त्यातूनही सक्तीची वजावट गेलीच.

यातूनच स्वस्ताईचे मार्ग दिसतात. किरकोळ दुरुस्ती पदरच्या पैशाने करावी. नुकसानीचा काही जादा भाग आपण सोसू असे लिहून दिल्यास हप्ता उतरतो. तीन-चार कंपन्यांचे दर विचारावेत. गाडी फार जुनी असेल तर केवळ थर्ड पार्टी विम्यावर भागवावे. गाडी थोडीच फिरत असेल, तर धावेनुसार हप्ता आकारण्याची सोय २०२२ पासून झाली आहे. मुदत चुकवू नये. नव्वद दिवस उलटले की साठलेली सूट बुडते. सूट लाटण्यासाठी जुना क्लेम दडवू नये. खोटे उघडकीस आले तर ऐन वेळी भरपाई नाकारली जाते. दारू पिऊन गाडी हाकणाऱ्यालाही स्वतःच्या गाडीचे पैसे मिळत नाहीत.

विम्यावाचून गाडी चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला दोन हजार दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, ही कायद्यातील शिक्षा झाली. खरी शिक्षा निराळी आहे. रस्त्यात एखाद्या घरचा कर्ता पुरुष दगावला आणि न्यायाधिकरणाने लाखोंची भरपाई ठरवली, तर ती मोटारवाल्याच्या घरादारातून वसूल व्हावयाची. त्याच्याजवळ काहीच नसेल, तर त्या विधवेच्या हाती निकालाचा नुसता कागद उरतो. आपल्या गाडीचा विमा कमी करणे हा आपला व्यवहार आहे. दुसऱ्याच्या जिवाचा विमा चुकवणे हा मात्र आपला अधिकार नाही. ज्याच्या हातून अपघात अधिक होतात, त्याने तर हे सर्वांआधी ध्यानी धरले पाहिजे.